हक्कसोड केलेल्या फांद्या

पुतण्या आइंडहोव्हनला असतो. परवा त्याचा फोन आला, "काका, आपली वंशावळ पाठवा. लगेच." त्याचा शेजारी मूळचा दक्षिण आफ्रिकेतला, जुन्या डच घराण्यातला. त्याच्या दिवाणखान्यात म्हणे भिंतभर वंशवृक्ष लावलाय, पार सतराव्या शतकापर्यंतचा. त्याने सहज विचारलं, तुमचा किती मागे जातो? वेरूळ आमच्या घरापासून तासाभरावर आहे, या भांडवलावर परदेशात भोसल्यांच्या गोष्टी सांगत हिंडणाऱ्या आमच्या चिरंजीवांना स्वतःच्या पणजोबांच्या पुढे जाता येईना. मग काका आठवले. मी कागद टाकून देत नाही, हे या सदराचे वाचक जाणून आहेत आणि माझी बायको सोसून आहे.

शेजाऱ्याचं काम सोपं होतं, हे आधी सांगतो. यान व्हान रीबेक १६५२ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपला उतरला तो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना ताजी भाजी, मांस, पाणी मिळावं म्हणून. मागोमाग शेतकरी वसले. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या, मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या, सगळं लिहून ठेवलं गेलं. त्या दप्तरांतून क्रिस्टोफेल कूट्झी द व्हिलियर्स यांनी केपच्या जुन्या घराण्यांची नोंदवही तयार केली. ती १८९३-९४ मध्ये छापली गेली. त्यांच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत मूळ पुरुष 'ए', त्याची मुलं 'बी', नातवंडं 'सी', आणि पुढे जन्मक्रमाचा आकडा. मुलींनाही आकडा मिळतो. नवरा कोण, तेही लिहितात. मग तिथेच फांदी छाटतात. तिची पोरं दुसऱ्याच्या झाडावर.

अशा झाडांच्या बुंध्याशी काय काय निघतं पाहा. केपचा कारभार १६७९ साली सिमॉन व्हान देर स्टेलकडे आला. स्टेलेनबॉश हे गाव त्याच्याच नावाचं. या गोऱ्या साहेबाची आईची आई मोनिका नावाची बाई, गोव्याच्या किनाऱ्यावरून नेलेली, गुलामगिरीतून सुटलेली. म्हणजे डचांच्या बड्या अंमलदाराचं आजोळ आपल्या शेजारचं. पुढे १९४९ साली त्याच देशात गोऱ्यांनी इतरांशी लग्न करायला कायद्याने बंदी आली. मोनिकाआजींना विचारून हा कायदा केला नसावा. आणि आपण तरी कशाला हसायचं? खडकी गाव, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबरही बाजारात विकला गेलेला हबशी पोरगाच. त्याचं लहानपणचं नाव चापू. हे आपल्याला कळलं ते पीटर व्हान डेन ब्रूके या डच व्यापाऱ्यामुळे, जो १६१७ साली अंबरला भेटला होता. गावाचा मूळ पुरुष गुलाम, हे कुठल्याही नगरसेवकाच्या भाषणात मी अजून ऐकलेलं नाही. आपल्याकडे ज्याची वंशावळ निघते, त्याच्या मुळाशी सरदारच असतो. इतके सरदार होते, तर त्यांच्या घोड्यांना खरारा कोण करत होतं?

असो. सध्या मराठवाड्यात वंशावळ मागायची नव्हे, सादर करायची गोष्ट आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून माळ्यावरच्या ट्रंका खाली आल्या. खासरा पत्रक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, फेरफार हे शब्द लग्नाच्या पंगतीत ऐकू येतात. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना जावयासारखा मान आलाय. २०२५ च्या सप्टेंबरात हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला, तेव्हापासून तहसीलसमोरचा झेरॉक्सवाला मान वर करून बोलत नाही. माझ्याकडेही चारपाच जण कागद घेऊन येऊन गेले. सगळ्यांच्या शपथपत्रावर तेच चित्र: वर एक नाव, खाली बाण, बाणाखाली नाव. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील, अर्जदार. मी एकाला विचारलं, या पाच पिढ्या बाणानेच जन्मल्या का? तो म्हणाला, "काका, फॉर्मात तसंच असतं."

फॉर्मात तसंच असतं, हे खरंच. पण एक कागद आहे जिथे पोरींची नावं न चुकता, ओळीने, वयासकट येतात. सातबाऱ्यावर वारस नोंद करायची वेळ आली की तलाठी विचारतो, बहिणी किती? मग इतकी वर्षं कुणाला न आठवलेल्या आत्या, ताया, अक्का आठवतात. त्यांना गाडी पाठवली जाते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर बसवून चहा पाजला जातो. नावं लागतात ती हक्कसोडपत्रासाठी. फोटो, अंगठा, सही, साडी-चोळी, आणि संध्याकाळच्या एसटीने परत. वंशवृक्षावर फांदी चढते ती उतरवण्यापुरती. राज्याने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हिस्सा दिला. कायदा बदलला, तशी साडी जरा भारीतली झाली. ज्या भावाने ती घेतली, तो भाऊबीजेला ताटात शंभराची नोट टाकतो आणि वर म्हणतो, आमच्यात बहिणींना फार मान. आमच्या घरातही हे असंच झालं. कागद माझ्याकडे आहे, सांगितलं ना, मी टाकत नाही.

त्या कागदावर थोरल्या आत्याची सही आहे. सातवी शिकलेली, वळणदार. आत्या गंगापूरला असते, नव्वदीकडे झुकलीय, कान गेलेत, बाकी सगळं शाबूत. म्हटलं, पणजोबांच्या वरचं तिलाच ठाऊक असणार. गेलो. वंशावळ म्हटल्याबरोबर तिने विचारलं, "आता कशावर सही पाहिजे?" सही नको म्हणून पटवण्यात एक चहा गेला. मग ती बोलायला लागली. तिची आई वैजापूरची, तिची आई अंबडची, तिची आई गोदेच्या पलीकडची, तिला पात्रातल्या पाण्यातून डोलीत आणलेलं. कुणाचं माहेरचं नाव काय, सासरी काय ठेवलं, किती लेकरं झाली, किती राहिली, कोण बाळंतपणात गेली, कुणी नवऱ्याच्या मागे एकटीने जमीन कसली. वही भरत गेली. सात पिढ्या झाल्या, माझा हात दुखायला लागला. यात पुरुष अधूनमधून येत, पण नावाशिवाय: वैजापूरचा जावई, अंबडचे व्याही, तो दम्याचा.

शेवटी मी तिच्या कानाशी ओरडलो, "आत्या, या सगळ्यांच्या नवऱ्यांची नावं सांग की!"

"त्यांची कशाला?" आत्या म्हणाली. "ती तहसीलात हायेत की."