आपला कागद कुणाच्या कपाटात?



नोकरीचा अर्ज असो, बचतगटाचे कर्ज असो की पोराचा कॉलेजप्रवेश असो, आधार, पासबुक, टी.सी. आणि जातीचा दाखला मागितला जातोच. पूर्वी झेरॉक्स द्यायचो, आता "ई-मेल करा" म्हणतात. गोंदियात काय नि आमगाव-देवरीत काय, आपली माणसे कॅफेवाल्याला पैसे देऊन कागद स्कॅन करून धाडतात. अर्जाखाली बारीक अक्षरांत छापलेले असते की, तुमची माहिती आमच्याकडे गोपनीय राहील. आपण सही करतो आणि घरी येतो.

पण 'आमच्याकडे' म्हणजे नेमके कुठे?

पुष्कळांना वाटते, ई-मेल त्या कंपनीच्या कचेरीतल्या संगणकात जाऊन पडते. तसे क्वचितच होते. बहुतेक कंपन्या आपले टपाल सांभाळायला गूगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो अशा दुसऱ्या कंपनीला देतात. पत्त्यावर नाव हिचे, कपाट दुसऱ्याचे! वाटेत पत्र बहुधा कुलूपबंद जाते, हे खरे. पण साठवलेल्या पत्रांची किल्ली बहुतेक वेळा कपाटवाल्याकडेच असते. गूगलने २००४ साली जीमेल सुरू केली. फुकट जीमेलमधली पत्रे यंत्राकडून चाळून त्यावरून जाहिराती दाखवल्या जात. ते बंद करण्याची घोषणा २०१७ साली झाली. याहूच्या २०१३ च्या चोरीत तब्बल ३०० कोटी खाती सापडली, आणि तो पूर्ण आकडा जगाला कळला २०१७ मध्ये.

कपाट दुसऱ्याचे असले की काय होते, हे मुंबईच्या नायरा एनर्जी या तेल कंपनीने जुलै २०२५ मध्ये अनुभवले. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेल सेवा थांबवली. देशभर हजारो पेट्रोल पंप असलेल्या कंपनीला स्वतःचीच पत्रे उघडता येईनात! ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मुंबईच्याच रेडिफकडे ई-मेलची सोय केली, आणि काही दिवसांनी बंद झालेली सेवा सुरू झाली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर तिथे आपल्या अर्जाला कोण विचारतो?

दुसऱ्याकडे टपाल ठेवणे हा गुन्हा नव्हे. लहान कचेरीला स्वतःचे यंत्र सांभाळणे जमत नाही, आणि मोठ्या कंपनीचे कुलूप कित्येकदा अधिक भक्कम असते. आपला आक्षेप लपवाछपवीला आहे. 'आमच्याकडे' लिहायचे आणि ठेवायचे तिसऱ्याकडे, हे सांगितले पाहिजे.

जातीच्या दाखल्यावर बापाचे नाव, गाव, जात सगळे असते. तो भलत्या हाती पडला की भाड्याची खोली आणि नोकरी मिळवताना काय वाट्याला येते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. आधार-पासबुकाच्या प्रतीवर तर आपल्या नावाने दुसराच कुणी कर्ज उचलू शकतो.

हा विषय आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली घटना समितीसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात, माणसाचे घर आणि त्याचे कागदपत्र अवाजवी झडतीपासून सुरक्षित राहावेत, असा हक्क मागितला होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. कंपनीने काम दुसऱ्याला दिले तरी जबाबदारी कंपनीचीच, असे हा कायदा म्हणतो. संमतीने दिलेली आपली माहिती कुणाकुणाला दिली, त्यांची नावे मागण्याचा हक्कही त्यात आहे. मात्र कंपन्यांना तयारीसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाल्याने ही कलमे मे २०२७ पासून लागू होतील, असे नियमांत ठरले.

तोवर स्वस्थ बसायचे काय? नाही. जिथे चालेल तिथे आधारचे पहिले ८ आकडे झाकलेली प्रतच द्या, ती आधारच्या संकेतस्थळावर मिळते. प्रत्येक प्रतीवर आडवी रेघ मारून कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते लिहा. कॅफेतून निघताना त्या संगणकातली आपली प्रत पुसायला लावा, आपले खाते बंद करा. आणि शिकलेल्या लेकरांनो, कोणत्या कंपनीचे टपाल कुणाकडे उतरते याची 'एमएक्स' नावाची नोंद इंटरनेटवर उघडी असते. मोबाईलवर ती दोन मिनिटांत सापडते. ती पाहा, मग कंपनीचे वचन वाचा. दोन्ही जुळत नसतील तर आईबापाने सही करण्याआधी लेखी विचारा. विचारण्याला पैसा लागत नाही.