चूल घरातली, धुराडे छपरावरचे

स्वयंपाकघर बाईचे आणि छप्पर पुरुषाचे, ही आपल्याकडची जुनी वाटणी. ती कोणी लिहून ठेवलेली नाही. पण मे महिन्यात घर शाकारायला शिडी लावून वर चढतो तो घरातला बाप्या, आणि खाली चुलीला पोतेरे घालते ती बाई. एरवी या वाटणीने कोणाचे फारसे अडत नाही. अडते ते एकाच वस्तूपाशी. ती वस्तू स्वयंपाकघरात सुरू होते आणि छपरावर संपते. तिचे नाव धुराडे.

निर्धूर चूल आपल्या देशाला नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या मंडळींनी स्वातंत्र्याच्या सुमारास ‘मगन चूल’ तयार केली. १९५३ मध्ये हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी धूर नसलेल्या स्वयंपाकघरांवर पुस्तिका लिहिली. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो गुंडाळला जाईपर्यंत देशभर तीन कोटींवर चुली बांधल्या गेल्या. आकडा डोळे दिपवणारा आहे खरा. पण तो बांधलेल्या चुलींचा आहे. दोन वर्षांनी त्यातल्या किती पेटत होत्या आणि पेटणाऱ्यांपैकी किती धूर खरोखर बाहेर टाकत होत्या, हे विचारायला मात्र सहसा कोणी परत आले नाही.

कार्यक्रम फसला की आपल्याकडे एक उत्तर तयार असते : बायका अडाणी, त्यांना नवे काही नको असते. हे उत्तर मला साफ अमान्य आहे. आपल्या जुन्या मातीच्या चुलीकडे नीट पाहावे. मुख्य चुलीच्या शेजारी वैल असतो. चुलीतून वाया जाणारी आच आतल्या भोकातून वैलाकडे जाते आणि तिच्यावर आमटी रटरटत राहते. एका जाळावर दोन भांडी! निर्धूर चुलीतही नेमके हेच आहे. फक्त वैलाच्या पुढे धुराला बाहेर जायची वाट काढून दिलेली आहे. म्हणजे अर्धी युक्ती घरच्या बाईला आधीपासूनच ठाऊक होती.

उरलेली अर्धीही तिला अनोळखी नव्हती. न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधोमध नळी, नळीभोवती पाणी, खाली जाळ. एकदा नळी तापली की बंब आपला आपण ओढू लागतो, फुंकणीची गरज राहत नाही. गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा आत ओढली जाते. नळी जितकी उंच आणि जितकी ऊबदार, तितकी ओढ चांगली. धुराड्याचे सगळे शास्त्र एवढेच. (बंबाला बाहेरून चिंच लावून चकचकीत करणारी घरे पुष्कळ पाहिली, आतली नळी खरवडणारी थोडी.)

मग बिनसले कुठे? एक म्हणजे भाकरीपाशी. आपली भाकरी तव्यावर भाजून संपत नाही. ती चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरावर उभी करून शेकायची, तेव्हा ती टम्म फुगते. नव्या चुलीचे तोंड ओढ नीट राहावी म्हणून बेताचे ठेवलेले. त्यात ना जाडे लाकूड जाई, ना भाकरीला जागा मिळे. साहजिकच अनेक ठिकाणी बायकांनी ते तोंड कोचून मोठे केले. गार हवा भसाभस आत शिरू लागली, ओढ मंदावली आणि धूर पुन्हा घरात आला. हा बाईचा अडाणीपणा नव्हे. चूल आखणाऱ्याने भाकरी कशी शेकतात, हे पाहिले नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नवे घर बांधताना धुराड्याची जागा सोडणे सोपे असते. इथे उभ्या घरात, वापरत्या ओट्यावर चूल बसवायची होती. छपराला भोक पाडायचे म्हणजे पावसाळ्यात गळणार, ही भीती रास्त. ती टाळायला कोणी पाइप आडवा वळवून भिंतीतून बाहेर काढी. आडव्या पाइपात काजळी साठते आणि वाऱ्याची दिशा फिरली की धूर उलटा घरात येतो. कोणी पाइप कौलांच्या वर जेमतेम वीतभर ठेवी. आढ्यावरून उतरणारा वारा तो धूर पुन्हा खाली दाबतो. पाइप सरळ वर जायला हवा, आढ्याच्याही वर दोनेक फूट निघायला हवा, वर पावसासाठी टोपी हवी, आणि गवताचे छप्पर असेल तर पाइपाभोवती मोकळी जागा राखून पत्रा हवा. भांडे भोकावर चपखल बसायला हवे, आणि वैलावर भांडे नसेल तेव्हा झाकण हवे. गार पाइप सुरुवातीला ओढत नाही. अशा वेळी चुलीत मूठभर वाळले गवत भरकन जाळले की तो ऊब धरतो. ही एक गोष्ट बांधून देणाऱ्याने सांगितली असती, तरी पहिल्याच दिवशी ‘ही चूल धुरकट आहे’ असा शिक्का बसला नसता.

आणि तिसरी गोष्ट काजळीची. ओले सरपण, पऱ्हाट्या, गोवऱ्या जाळल्या की पाइपात डांबरासारखा थर धरतो. पाइप तीन-चार इंचांचा, त्यात बोटभर थर म्हणजे वाट निम्म्याहून कमी. तो वरून साफ करावा लागतो. लुगडे नेसलेल्या बाईने कौलांवर चढायचे? चढली तर गाव काय म्हणेल? आणि पुरुष म्हणतो, चूल हे काय माझे काम आहे? वर्षातून एकदा शाकारणीला तो त्याच पाइपाच्या शेजारी दिवसभर बसलेला असतो. दोराला चिंध्यांचा बोळा आणि खाली धोंडा बांधून पाइपात चार वेळा सोडायला पाव तासही पुरे. तेवढे होत नाही.

हे माझे एकट्याचे तर्कट नाही. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी ओडिशातल्या खेड्यांत सोडत काढून कुटुंबांना धुराड्याच्या चुली मिळाल्यावर चार वर्षे त्यांचा मागोवा घेतला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर घटला. पुढे चुलींचा वापर आणि देखभाल ढिली पडली आणि तो फायदा नाहीसा झाला.

वाचक म्हणतील, आता घरोघरी गॅस आला, हे जुने दळण कशाला? गॅस आला, ही आनंदाचीच गोष्ट. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत शेगडी पोचवली. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरे ५८.६ टक्केच भरली. शिवाय शेगडी असलेल्या घरातही चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचे पाणी चुलीवर, असा दुहेरी संसार चालतो. सिलिंडर महाग आणि सरपण बांधावर फुकट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुराने २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. लहान मुलांचा न्यूमोनिया, बायकांचा दमा आणि मोतीबिंदू यांचा चुलीच्या धुराशी संबंध आहे, हे आता डॉक्टरांना नव्याने सांगावे लागत नाही. गॅस पुरता परवडेपर्यंत ही चूल जळणार आहे, आणि तिच्यापुढे कोणीतरी बसणार आहे.

आजही काही संस्था आणि ग्रामपंचायती अशा चुली बसवतात. त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. चूल आखताना घरच्या बाईला तिच्यासमोर भाकरी करून दाखवायला सांगावे, आणि धुराड्याची माहिती घरच्या पुरुषाला, छपरावर नेऊन द्यावी. आणि चूल बांधणाऱ्याला मजुरी एकदम देऊ नये. निम्मी चूल पेटल्यावर द्यावी. निम्मी पुढच्या मे महिन्यात, शाकारणीच्या दिवशी, वरून सोडलेला धोंडा पाइपातून न अडखळता चुलीपर्यंत उतरला म्हणजे.