कारवान, ऊस आणि मालकाचा पारा
माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस माजला, की रानडुकरांना दिवसा दडायला जागा मिळते आणि रात्री शेजारच्या मक्याचा फडशा पडतो. मग नातेपुत्याचा शेतकरी राखणीला कारवान कुत्रा पाळतो आणि महिनाभरात वैतागतो: हाक मारली तर कुत्रं येत नाही, ससा दिसला की सुसाट, उसाच्या कडेला मात्र ढिम्म! यात कुत्र्याचा हट्ट कमी, वाण जास्त. कारवान आणि मुधोळ हे कुत्रे उघड्या माळावर नजरेनं सावज हेरून धावणारे. दाट उसात ती नजर काय कामाची? शिवाय धाव सुरू झाली की त्यांचे कान जणू बंद होतात. ओरडण्यानं, काठीनं ते मालकालाच बिचकतात. त्यापेक्षा लांब दोरी लावून रोज दहा-पंधरा मिनिटंच सराव घ्यावा, हाकेला आल्याक्षणी भाकरीचा तुकडा द्यावा; राग चढला तर कुत्र्याला जमणारं एखादं सोपं काम करवून थांबावं. शिकवायचं तेही एवढंच: बांधावरून भुंकायचं, बोलावलं की परतायचं. कारण परवानगीशिवाय डुकरामागे कुत्रं सोडणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारच ठरतं. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पाठलागही येतो.