काळे कावळेकरांच्या आधी कसे?

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात एक म्हातारे गृहस्थ आले. नाव ॲग्नेलो. मी संगणकावरची यादी 'अ'पाशी पाहिली, नाव नव्हतं. "ॲग्नेलोबाब, तुमची फाइल इथं नाही," असं सांगून मोकळा झालो. दोन बस बदलून आलेला माणूस मुकाट परत गेला. दुपारी तीच फाइल यादीच्या तळाशी, 'ह'च्याही खाली सापडली.

साहेबांचा निकाल तयारच होता: "मराठी कंप्युटरवर चालत नाही. नावं इंग्रजी अक्षरांत घाला."

मी कला शाखेचा पदवीधर, पण हे सहन होईना. शोधलं. आमचं लिनक्स 'सी' लोकेलवर चालत होतं. त्याला कुठलीच भाषा ठाऊक नसते. अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक बघून तो रांग लावतो. त्या रांगेत ळ हा ल नंतर, व च्या आधी. म्हणून आधी काळे, मग कावळेकर, मग कासकर. आपण शाळेत 'ह ळ क्ष ज्ञ' शिकलो, त्याप्रमाणे काळे शेवटी हवेत. ॲ तर युनिकोडमध्ये आलाच २००८ साली, ५.१ आवृत्तीत, आणि त्याला क्रमांक मिळाला ह च्या पुढचा. दुसऱ्या कारकुनानं तेच नाव अ ला अर्धचंद्र देऊन लिहिलं, तर ते 'अ'तच राहतं. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला वेगळी.

यात मराठीचा दोष कुठला? एलसी_कोलेट ही सेटिंग मराठीवर ठेवावी. एलसी_ऑल 'सी'वर असेल तर ते तिच्यावर मात करतं, म्हणून ते आधी काढावं. मग दहा नावांची यादी करून क्रम तपासावा, कारण लिनक्सच्या ग्लिबसीनं २०१८ साली, २.२८ आवृत्तीत, क्रमाची सारणीच बदलली. जुन्या-नव्या यंत्रांत फरक पडतो. ॲ कसा टंकायचा, हे मात्र कार्यालयानंच एकदा ठरवावं. ते काम लोकेल करणार नाही.

आणि इंग्रजी अक्षरांचं म्हणाल, तर तिथं काळे, काले आणि कळे यांचं स्पेलिंग एकच. चुकीच्या माणसाची फाइल हाती आली, तर ती सोय कुणाची?

१९८७ च्या राजभाषा कायद्यावरून आपण अजून भांडतो. खुशाल भांडू. पण ळ देवनागरी कोंकणीचाही आहे. त्याला त्याच्या जागेवर बसवायला आंदोलन लागत नाही, दहा मिनिटं लागतात.

ॲग्नेलोबाबांना मात्र पुन्हा दोन बस बदलाव्या लागल्या.