गोड वाईनला नाकं मुरडणाऱ्यांसाठी

आयटीतल्या आमच्या मंडळींत एक समज पक्का आहे: गोड वाईन म्हणजे नवशिक्यांचं पेय, जाणकाराने ड्रायच प्यावी. मला हे अजिबात पटत नाही.

फ्रान्समधल्या सोतेर्नचंच बघा ना. सिरों ही थंड नदी तिथे कोमट गारोनला मिळते आणि शरदात पहाटे धुकं दाटतं. त्या ओलाव्यात द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी चढते. दुपारच्या उन्हात दाण्यातलं पाणी उडतं, साखर आणि आंबटपणा दाट होऊन उरतो. एवढी साखर यीस्टला संपवताच येत नाही, म्हणून वाईन गोड!

पण ऊन पडलंच नाही तर? तीच बुरशी अख्खं पीक सडवते. शातो दिकेमने २०१२ साली आपली गोड वाईन काढलीच नाही. एरवीही तिथे बागेत अनेक फेऱ्या मारून निवडून तोडणी होते, आणि एका वेलीमागे मिळतो जेमतेम एक ग्लास.

महाग आहे, कबूल. चौघांत एक अर्धी बाटली घ्या. थंड करून छोटा घोट घ्या आणि गोडीमागून येणारा आंबटपणा शोधा. तो नसेल तर तो नुसता पाक, खुशाल नाकं मुरडा. पण असेल तर? एवढा जुगार खेळून केलेल्या वस्तूला नवशिक्यांची म्हणण्याआधी निदान चाखा तरी!