पाटील उरला, सोंगाड्या गेला

पिंपळे गुरवमधील महापालिकेच्या नाट्यगृहाला निळू फुले यांचे नाव आहे. 'नटसम्राट निळू फुले रंगमंदिर' ही अक्षरे येता-जाता आमच्या नजरेस पडतात. मध्यंतरी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एका विद्यार्थ्याने निळूभाऊंची नक्कल केली. तोच घोगरा, ओढून काढलेला आवाज, तीच तिरपी नजर आणि बाईला वाड्यावर बोलावण्याची तीच लकब. सभागृह खदखदून हसले. पहिल्या रांगेतले आम्ही मराठीचे अध्यापकही हसलो. दुसऱ्या दिवशी तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्यात हसण्यासारखं काय होतं?" आम्हाला उत्तर देता आले नाही. ते द्यायला हवे, म्हणून हा लेखनप्रपंच.

निळूभाऊ १३ जुलै २००९ रोजी गेले. तेव्हापासून त्यांची स्मृती 'मराठी पडद्यावरचा खलनायक' या तीन शब्दांत आक्रसत गेली आहे. वस्तुतः त्यांची मूळ घडण विनोदी नटाची. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा हा तरुण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात रमला. १९५७च्या निवडणूक प्रचारासाठी त्यांनी 'येरागबाळ्याचे काम नोहे' हा वग लिहिला. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे'मधील रोंगे त्यांनी साकारला. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने त्यांचे नाव सर्वदूर केले आणि मग १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'मधून झेलेअण्णा पडद्यावर आला. म्हणजे खलनायक जन्मला तोच मुळी वगाच्या पोटी.

ही वंशावळ विसरता येण्याजोगी नाही. वगात राजा असतो, पण तो एकटा नसतो. त्याच्यासमोर सोंगाड्या उभा असतो. राजाने हुकूम सोडावा आणि सोंगाड्याने साळसूदपणे त्याचा भलताच अर्थ लावावा, की सिंहासन डळमळू लागते. प्रेक्षक हसतात ते राजाच्या फजितीला. ज्याच्यासमोर एरवी मान वर करता येत नाही, त्याला घटकाभर हसता येणे हे तमाशाच्या विनोदाचे खरे मोल. सेवा दलाच्या कलापथकांनी लोकनाट्याचा आश्रय घेतला, त्यालाही हेच कारण असावे.

निळूभाऊंनी पुढे पाटील, सरपंच, साखरसम्राट रंगवले, तेव्हा हा सोंगाड्या त्यांनी घरी ठेवला नाही. तो त्या माणसांच्या आत दडवला. 'सामना'तील (१९७४) हिंदूराव धोंडे पाटील आठवा. सारा परिसर मुठीत ठेवणारा हा माणूस एका दारुड्या मास्तरापुढे कासावीस होतो. मास्तर मारुती कांबळेविषयी विचारत राहतात आणि हिंदूरावाचा रुबाब आतून उसवत जातो. डॉ. लागूंच्या मास्तरांसमोरचा तो गोंधळ, तो उसना आदर, मधूनच चुकणारा श्वास हे सारे विनोदी नटाच्या अचूक वेळसाधनेतून आलेले आहे. सत्तेची भीती दाखवताना तिचे हास्यास्पद रूपही दाखवणे ही निळूभाऊंची खरी कमाई, असे आम्हाला वाटते.

नक्कल नेमके हेच गाळते. तिच्यात आवाज उरतो, नजर उरते, पण समोरचा मास्तर नाहीसा होतो. राजा राहतो, सोंगाड्या जातो. मग आपण कोणाला हसतो? वाड्याच्या मालकाला नव्हे. आपण त्याच्या बाजूने, त्याने बोलावलेल्या बाईला हसतो. विनोदाची दिशाच उलटी होते. निळूभाऊंच्या पाटलाचा बायकांना खरोखर राग येई आणि तो राग ही त्या अभिनयाला मिळालेली पावती होती. आज त्याच पाटलाची लकब गंमत म्हणून खपते. ज्या कलावंताने डॉ. लागूंसह सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, विनोदाची मिळकत चळवळीतल्या कार्यकर्त्यांसाठी दिली, त्याच्या स्मृतीची ही परवड आहे.

नक्कल करू नये, असे आमचे म्हणणे नाही. सोंगाड्याच्या स्मरणाला सोंगाचे वावडे कसे असेल? पण सोंग आणायचे तर पूर्ण आणावे. पाटलासमोर त्याला निरुत्तर करणारे कोणीतरी उभे करावे. आमच्या सभागृहात ते पात्र मंचावर नव्हते. ते दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहिले आणि निरुत्तर आम्ही झालो.

'सिंहासन'च्या (१९७९) अखेरीस निळूभाऊंचा दिगू टिपणीस, राजकारणाचे सगळे डाव पाहून झालेला तो पत्रकार, वेड्यासारखा हसत सुटतो. सहज सामील होता येईल असे ते हसणेच नव्हे. येत्या स्नेहसंमेलनाआधी 'सामना' आणि 'सिंहासन' वर्गात दाखवायचे आम्ही ठरवले आहे. त्या विद्यार्थिनीला आमचे उत्तर एवढेच : बाई, हसण्यासारखे होते ते त्या नक्कलेत नव्हते. ते निळूभाऊंपाशी होते.