मोजणीचे आकडे तेच, जागा मात्र तेलंगणात!

राज्यात जमीन मोजणी आता शंकू-साखळी आणि प्लेन टेबल सोडून रोव्हरवर आली आहे. रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेला सॅटेलाइट रिसीव्हर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायमस्वरूपी 'कॉर्स' स्टेशन्सकडून त्याला दुरुस्ती मिळते, त्यामुळे चूक काही सेंटिमीटरवर येते. तुमच्या फोनमध्ये ती काही मीटर असते. मग बांधाची भांडणं संपली का? नाही. कारण नुसत्या आकड्यांवरून जागा ठरत नाही, सोबत तीन गोष्टी लागतात.

पहिली, डेटम. म्हणजे पृथ्वीचा आकार आणि मध्य कुठे धरला ते. आपले जुने टोपो नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट मापांवर आहेत, तर फोनचं जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर चालतं. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश तसेच फोनमध्ये टाकले, तर पुण्यात जागा शंभराहून जास्त मीटर सरकते. मार्केट यार्डात एवढ्या फरकाने टेम्पो गाळ्यांच्या भलत्याच रांगेत जाईल. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ आणि यूटीएमवर आणले.

दुसरी, झोन. यूटीएममध्ये जगाचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे असतात आणि जागा मीटरमध्ये सांगतात. मार्केट यार्ड झोन ४३ मध्ये येतं: पूर्वेचा आकडा साधारण ३ लाख ८० हजार, उत्तरेचा २० लाख ४५ हजार. पण ७८ रेखांशावर झोन बदलतो, म्हणून पुणे ४३ मध्ये आणि नागपूर ४४ मध्ये. याच आकड्यांना चुकून ४४ लावला, की मार्केट यार्ड थेट तेलंगणात, भूपालपल्लीच्या आसपास!

तिसरी, प्रोजेक्शन. गोल पृथ्वी सपाट केली की कुठेतरी ताण येणारच. मोबाइल नकाशांच्या वेब मर्केटरमध्ये पुण्याजवळ लांबी पाच टक्क्यांहून जास्त ताणली जाते आणि क्षेत्रफळ ११ टक्के फुगतं. चांगल्या ॲपचं मोजपट्टीचं टूल हे दुरुस्त करतं. पण कोणी थेट त्या सपाट मीटरमध्ये हिशोब केला, तर ४० गुंठ्यांचा एकर साडेचव्वेचाळीस गुंठ्यांचा दिसेल. यूटीएममध्ये पुण्याजवळ हाच फरक एकरामागे जेमतेम वीस चौरस फूट आहे.

खरी अडचण पुढे आहे. गटाचे जुने नकाशे साखळीने मोजून कागदावर काढलेले. रोव्हर आजचा बिंदू अचूक सांगतो, पण जुनी कागदी रेघ त्या बिंदूशी जुळवणं हे माणसाचंच काम. म्हणून मोजणीची प्रत हातात आली की आधी डेटम, झोन आणि प्रोजेक्शन लिहिलंय का ते बघा. नसेल तर मोजणीदाराला विचारा. आणि फोनचा स्क्रीनशॉट घेऊन बांधावर भांडायला तर अजिबात जाऊ नका.